घरातला आकडा आणि वाक्यातला आकडा

संख्याशास्त्रीय गोषवाऱ्याच्या तक्त्यात एका घरात "४६ (३७, ६०)" असे लिहिलेले असते. वाचणाऱ्याला त्यात तीन आकडे दिसतात: वयाचा मध्यक ४६ वर्षे, पहिले चतुर्थक ३७ आणि तिसरे ६०. संगणकाच्या लेखी मात्र तो आकडाच नसतो. अंक, कंस, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा मिळून झालेला तो मजकुराचा एक तुकडा असतो. अहवालाच्या वाक्यात हाच तुकडा पुन्हा लागतो: "पहिल्या गटातील रुग्णांचे मध्यक वय ४६ (३७, ६०) वर्षे होते." तो बघून टंकायचा की कोडने तक्त्यातूनच उचलायचा, याबद्दल दोन मते आहेत. ही दोन मते बहुधा एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेली असतात. एकीकडे शोधनिबंध लिहिणारे डॉक्टर, दुसरीकडे त्यांची आकडेमोड करणारी संख्याशास्त्रज्ञ.

दोघांसमोरचा तक्ता 'आर' या संगणकभाषेतल्या जीटीसमरी पॅकेजने केलेला आहे. डॅनियल स्योबर्ग आणि सहकाऱ्यांनी हे पॅकेज न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये काम करताना घडवले आणि २०२१ मध्ये 'द आर जर्नल'मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पॅकेजबरोबर 'ट्रायल' नावाची सरावाची विदा येते. तीत २०० काल्पनिक रुग्ण असून ड्रग ए घेणारे ९८ आणि ड्रग बी घेणारे १०२ आहेत. टीबीएल_समरी या फंक्शनला ती विदा दिली की वय, कर्करोगाची श्रेणी, उपचाराला मिळालेला प्रतिसाद अशा ओळींचा नीटनेटका तक्ता तयार होतो. वाद त्यापुढच्या पायरीचा आहे.

डॉक्टरांचे म्हणणे सरळ आहे. "मॅडम, तक्ता समोर आहे. निकालाच्या परिच्छेदात आकडे किती, तर दहा-बारा. बघून लिहायला पाच मिनिटे पुरतात. त्यासाठी प्रत्येक वाक्यात कोड घुसवायचा, मग ते वाक्य वाचताही येत नाही आणि सुधारताही येत नाही. वाक्य माझे आहे, ते मला माझ्या हाताने लिहू द्या."

"एकदाच लिहायचे असते तर मीही हेच म्हटले असते, सर," ती सांगते. "पण तीन रुग्णांची वये नंतर सापडतात, एक रुग्ण निकषात बसत नाही म्हणून वगळावा लागतो, परीक्षक वेगळी चाचणी मागतात. तक्ता दर वेळी नव्याने निघतो. परिच्छेद मात्र हाताने शोधून सुधारावा लागतो आणि त्यात एखादा जुना आकडा राहून जातो."

तिची भीती पोकळ नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 'स्टॅटचेक' नावाचा प्रोग्रॅम लिहून मानसशास्त्राच्या आठ नियतकालिकांतले १९८५ ते २०१३ या काळातले निबंध तपासले. त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आला. अशा चाचण्या वापरणाऱ्या निबंधांपैकी निम्म्यांत निदान एक पी-मूल्य शेजारीच दिलेल्या चाचणीच्या आकड्यांशी जुळत नव्हते. साधारण आठांतल्या एका निबंधात तर विसंगती इतकी होती की निष्कर्षच फिरला असता. यातल्या किती चुका नुसत्या उतरवून घेण्याच्या होत्या हे त्या तपासणीतून ठरत नाही. पण छापील पानावरचे दोन आकडे एकमेकांशी भांडत असतील तर ते एकाच जागेहून आलेले नाहीत, एवढे नक्की.

आकडा मजकुरातच गुंफण्याची कल्पना जुनी आहे. प्रोग्रॅम आणि त्याचे स्पष्टीकरण एकाच कागदात लिहावे असे डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये मांडले. फ्रीडरिश लाइश यांनी २००२ मध्ये 'स्वीव्ह' करून ती कल्पना संख्याशास्त्राच्या अहवालात आणली, आणि पुढे 'निटर'ने तीच वाट रुंद केली. वाक्याच्या मध्ये कोडची छोटी ओळ ठेवायची, कागद 'निट' केला की त्या जागी उत्तर येते. जीटीसमरीने यात आपली भर घातली ती इनलाइन_टेक्स्ट या फंक्शनची. उत्तर पुन्हा मोजायचे नाही, तयार तक्त्यातल्या घरातून उचलायचे, तेही तक्त्यात दिसते त्याच वेषात.

घर शोधायला पत्ता लागतो. पत्त्याचे भाग तीन: कोणता चल, त्या चलाची कोणती पातळी आणि कोणता स्तंभ. वयासाठी पातळी नसते, म्हणून इनलाइन_टेक्स्टला तक्ता, 'एज' आणि 'ड्रग ए' एवढे सांगितले की "४६ (३७, ६०)" हाती येते. श्रेणीसाठी 'ग्रेड', पातळी रोमन 'I' आणि 'ड्रग ए' सांगितले की "३५ (३६%)" येते.

"मग सरळ तिसरी ओळ, दुसरा स्तंभ असे का सांगत नाही?" डॉक्टर विचारतात. "एक्सेलमध्ये आम्ही तेच करतो."

"तिथेच घात होतो. उद्या तुम्ही म्हणालात की सर्व रुग्णांचा एक स्तंभ हवा. तो ॲड_ओव्हरऑलने जोडला की डावीकडे येऊन बसतो आणि दुसऱ्या स्तंभाचा तिसरा होतो. आकडा येतच राहतो, फक्त भलत्याचा. नावाने हाक मारली तर माणूस जागा बदलून बसला तरी ओ देतो."

नावांतही एक आतले आणि एक बाहेरचे असते. तक्त्याच्या पोटात स्तंभांची नावे 'स्टॅट_१', 'स्टॅट_२' अशी असतात आणि ती गटांच्या क्रमाने पडतात. कोणी गटांचा क्रम उलटा केला की 'स्टॅट_१' मुकाट्याने ड्रग बीचा होतो. म्हणून गटाचेच नाव देणे सुरक्षित. ते चुकले तर फंक्शन अडते, लाल अक्षरांत तक्रार करते आणि कागद तयारच होत नाही. डॉक्टरांना हे अडणे गैरसोयीचे वाटते. संख्याशास्त्रज्ञाच्या मते हाताने लिहिण्यात नेमकी हीच सोय नाही: चुकीचा आकडा टंकला तर कळफलक काहीच बोलत नाही.

घरातले सगळेच वाक्यात हवे असते असे नाही. कधी फक्त मध्यक पुरतो. त्यासाठी 'पॅटर्न' देता येतो. महिरपी कंसात 'मेडियन' लिहिले की नुसते ४६ येते. प्रतिसादाच्या ओळीसाठी 'पी.व्हॅल्यू'चा स्तंभ मागितला की "पी=०.५" असे वाक्यात बसेल अशा रूपात मिळते. प्रतिगमनाच्या तक्त्यावरही हेच फंक्शन चालते. प्रतिसादावर औषधाचा परिणाम पाहणाऱ्या लॉजिस्टिक प्रतिरूपात ड्रग बीच्या ओळीतून ऑड्स रेशो १.२१, त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल ०.६६ ते २.२४ आणि पी-मूल्य ०.५ हे सारे एका तुकड्यात येते. इतके लांबलचक प्रकरण हाताने उतरवताना ०.६६ चे ०.६९ व्हायला वेळ लागत नाही. डॉक्टरही एवढे मान्य करतात.

पण मग त्यांना वाटते, तुकडा हातात आहे तर त्यावरच पुढचा हिशेब का करू नये? दोघांच्या वादातला सर्वांत कामाचा भाग हाच आहे, आणि इथे कोडवाल्यांनाही सावध राहावे लागते.

"तक्त्यात प्रतिसाद ड्रग ए मध्ये २८ (२९%) आणि ड्रग बी मध्ये ३३ (३४%) आहे," डॉक्टर म्हणतात. "तुमच्या कोडने दोन्ही घरे उचला, कंसातले टक्के काढा, वजाबाकी करा. फरक पाच टक्के."

"फरक चार टक्के आहे, सर."

डॉक्टर पुन्हा तक्त्याकडे बघतात. ३४ वजा २९ पाचच होतात. मूळ आकडे मात्र असे आहेत: ड्रग ए मध्ये ज्यांचा प्रतिसाद नोंदला गेला त्या ९५ पैकी २८, म्हणजे २९.४७ टक्के, ड्रग बी मध्ये ९८ पैकी ३३, म्हणजे ३३.६७ टक्के. फरक ४.२०. एक टक्केवारी खाली ओढली गेली, दुसरी वर ढकलली गेली, आणि दिसणारा फरक फुगला. ऑड्स रेशोचे तर आणखी बिघडते. छापील टक्क्यांवरून काढला तर तो १.२६ येतो, मूळ संख्यांवरून १.२१.

यातून निघणारा नियम दोघांनाही पटतो: घरातला तुकडा दाखवण्यासाठी असतो, मोजण्यासाठी नव्हे. हिशेब मूळ संख्यांवर करावा, पूर्णांकन शेवटी आणि एकदाच. तुकड्यातून कंस खरवडून आकडे काढणे हा उद्योग आणखी एका कारणाने फसतो. तक्त्याचा वेष बदलतो. जीटीसमरीत नियतकालिकांच्या रिवाजाप्रमाणे पोशाख चढवायची सोय आहे. 'लॅन्सेट'चा पोशाख चढवला की दशांशचिन्ह खाली न राहता अक्षरांच्या मध्यावर येते. माणसाला ते कळते, पण "०·८४" हे संगणकाला संख्या म्हणून वाचता येत नाही. 'लहान आहे' या अर्थाचे चिन्ह लावून छापलेल्या ०.००१ चेही तसेच. त्यातून खरे पी-मूल्य परत मिळत नाही, ते तिथे उरलेलेच नसते.

पायथॉनवाल्यांना ही वाटणी जास्त ठळकपणे भेटते. पांडास या पॅकेजमध्ये स्टायलरने घराला कितीही नटवले तरी 'लोक' वापरून घर मागितल्यावर मूळ संख्याच मिळते. नटवणे वरवरचे राहते. स्टॅट्समॉडेल्स या पॅकेजमध्ये उलट मोह होतो. 'समरी'चा सुबक तक्ता समोर दिसतो म्हणून लोक त्यातला मजकूर फोडायला बसतात, वास्तविक सहगुणक 'पॅराम्स' मध्ये आणि अंतराल 'कॉन्फ_इंट' मध्ये पूर्ण अचूकतेने पडून असतात. तक्त्यातला मजकूर तक्त्याच्या शब्दांत सांगायचा असेल तेव्हाच तक्त्यातून घ्यावा.

पूर्णांकनाचा आणखी एक जाच डॉक्टरांनी परीक्षकांसमोर भोगलेला असतो. याच तक्त्यात श्रेणीच्या तीन ओळी आहेत. ड्रग ए च्या ९८ रुग्णांची विभागणी ३५, ३२ आणि ३१. टक्के येतात ३६, ३३ आणि ३२. बेरीज १०१. ड्रग बी च्या १०२ रुग्णांत ३३, ३६ आणि ३३. टक्के ३२, ३५, ३२, बेरीज ९९. दोन्ही बरोबर आहेत. प्रत्येक घराचे पूर्णांकन स्वतंत्र होते, शंभर भरायची जबाबदारी कोणत्याच घरावर नसते. हाताने लिहिणारा इथे हळूच ३६ चे ३५ करून टाकतो, शंभर जुळवतो, आणि मजकूर व तक्ता यांची ताटातूट होते. कोड असली जुळवाजुळव करत नाही. खाली 'पूर्णांकनामुळे बेरीज १०० भरेलच असे नाही' अशी टीप द्यावी, हे बरे.

इतके झाल्यावर डॉक्टर आपला खरा आक्षेप काढतात, आणि तो वजनदार आहे. "आकडा आपोआप बदलतो म्हणता. मग मला न विचारता बदलतो. माझे वाक्य तसेच राहते. हे तुम्हाला चालते?"

उदाहरण याच घरात आहे. जीटीसमरीच्या जुन्या आवृत्त्यांत ड्रग ए चे वय "४६ (३७, ५९)" असे छापले जाई. २०२४ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून ते "४६ (३७, ६०)" झाले. रुग्ण तेच, वये तीच. बदलली ती चतुर्थक काढायची रीत. चतुर्थक काढण्याच्या नऊ रीती 'आर'मध्ये आहेत. पॅकेज आधी सातवी वापरत असे, आता दुसरी वापरते. 'सॅस' या दुसऱ्या नामांकित प्रणालीचीही मूळ रीत हीच. ड्रग ए मध्ये वय माहीत असलेले रुग्ण ९१. वये चढत्या क्रमाने लावली तर जुनी रीत ६८ व्या आणि ६९ व्या वयाचा मधला बिंदू घेई, नवी रीत थेट ६९ वे वय घेते. एवढ्याने ५९ चे ६० होतात.

ज्याने आकडा हाताने टंकला होता त्याच्या निबंधात तक्ता ६० दाखवतो आणि मजकूर ५९. ज्याने कोडने उचलला त्याच्या दोन्ही ठिकाणी ६०, पण कोणाला काही कळलेच नाही. पहिल्याची चूक दिसते, दुसऱ्याचा बदल दिसत नाही.

"म्हणजे तुमच्या पद्धतीत विसंगती जाते, माहिती होत नाही," डॉक्टर म्हणतात.

"खरे आहे. म्हणून पॅकेजच्या आवृत्त्या नोंदवून ठेवायच्या. 'आरएनव्ही' नावाचे पॅकेज ते काम करते. आणि आवृत्ती बदलली की आधीचा अहवाल आणि नवा अहवाल शेजारी ठेवून फरक काढायचा. दोन फायलींतला फरक संगणक क्षणात दाखवतो. दहा पानांवर हाताने लिहिलेल्या आकड्यांत तुम्ही तो कसा शोधणार?"

आकड्यांच्या भोवतीचे शब्द मात्र कोणीच सांभाळत नाही. 'ड्रग बी गटातील रुग्ण किंचित मोठ्या वयाचे होते' या वाक्यात ४६ आणि ४८ कोडने आलेले असले तरी 'किंचित मोठ्या' हे डॉक्टरांचे आहे. विदा सुधारून आकडे उलटे पडले तर वाक्य बिनदिक्कत खोटे बोलेल. यावर उपाय असा: वाक्याआधी कोडची एक अट ठेवायची की ड्रग बी चे मूळ मध्यक वय ड्रग ए पेक्षा जास्त असलेच पाहिजे. अट मोडली की कागद तयार होणे थांबते. 'स्टॉपइफनॉट' नावाचे साधे फंक्शन यासाठी पुरते. मोठ्या निबंधात अशा पाच-सात अटी असतात आणि त्या लिहिताना लेखकाला आपण नेमके काय म्हणतो आहोत ते पहिल्यांदा धडपणे कळते. हा फायदा कोणत्याही मदतपुस्तिकेत लिहिलेला नसतो.

इंग्रजीऐवजी मराठीत अहवाल लिहिणाऱ्याला आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. जीटीसमरीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, हिंदी आणि गुजरातीही आहेत. भाषा निवडली की तक्त्याचे ठरावीक शब्द मराठीत येतात. अंक मात्र नागरी होत नाहीत, ते आपण बदलून घ्यायचे. मोठ्या संख्यांत स्वल्पविराम टाकताना 'आर' दर तीन अंकांनी टाकते, त्यामुळे लाखाचा हिशेब बिघडतो. १,२३,४५६ असे हवे असेल तर त्यासाठी स्वतःचे छोटे फंक्शन लिहावे लागते. सर्वांत मोठी अडचण व्याकरणाची. इंग्रजीत एकवचन-अनेकवचनाचा एखादा प्रत्यय सांभाळला की बहुधा भागते. मराठीत "२ रुग्णांना त्रास झाला" या वाक्यात २ च्या जागी १ आला की 'रुग्णांना'चे 'रुग्णाला' व्हावे लागते, आणि "२ रुग्ण दगावले" मध्ये क्रियापदही हलते. घरातून आकडा येतो, विभक्ती येत नाही. म्हणून मराठी वाक्याची रचनाच अशी ठेवावी की आकडा शेवटी किंवा कंसात पडेल: "त्रास झालेले रुग्ण: २".

डॉक्टर इथपर्यंत बरेच वळलेले असतात, पण पूर्ण नाही. त्यांची तडजोड अशी: निकालाच्या प्रकरणातला प्रत्येक आकडा कोडने यावा, चर्चेच्या प्रकरणात हाताने लिहायची मुभा असावी, कारण तिथे 'सुमारे एक तृतीयांश' असेच लिहायचे असते. संख्याशास्त्रज्ञ हे मान्य करते. एका अटीवर: 'सुमारे एक तृतीयांश' कुठून आले ते त्या ओळीशेजारी शेऱ्यात लिहिलेले असावे.

राहतो तो छेदाचा प्रश्न. ड्रग बी मध्ये १०२ रुग्ण आहेत असे तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेले असते, आणि खाली प्रतिसादाच्या घरात "३३ (३४%)". चिकित्सक वाचक ३३ ला १०२ ने भागतो, त्याला ३२ टक्के मिळतात, आणि तो लेखकाला चुकीचा ठरवतो. टक्केवारी ९८ वर काढली आहे, चौघांचा प्रतिसाद नोंदलेलाच नाही. पॅटर्नमध्ये संख्येच्या पुढे छेदही मागितला तर तेच घर "३३/९८ (३४%)" असे देते. वाक्यात ते तसेच द्यावे. त्या चौघांची नोंद का झाली नाही, हे मात्र डॉक्टरांनीच लिहायचे आहे.